डोळ्यात न भरणारी पिशवी

माझ्या पिशव्या कुणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि हीच माझी खासियत, असं मी चार वर्षं तोंड वर करून सांगत आले. तसा माझा धंदा दुरुस्तीचा. पॅन्टची उंची कमी करायची, चेन बदलायची, कोटाचं फाटकं अस्तर नव्याने बसवायचं. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, खिडकीखाली कापायचं टेबल, भिंतीला खिळ्यांची रांग आणि प्रत्येक खिळ्यावर कुणाचं ना कुणाचं अडलेलं काम. त्यात पिशव्या घुसल्या त्या आमच्या साहेबांमुळे.

साहेब म्हणजे माझा नवरा. बस डेपोत इंजिनाखाली उताणं झोपून ज्यांची हयात गेली त्यांना साहेब म्हणणारी जगात मी एकटीच, आणि तेही चिडवायला. पन्नाशीत लोकांना गुडघेदुखी जडते, यांना मेटल डिटेक्टर जडला. सुट्टी आली की कानांना हेडफोन लावायचे, ते लांब दांड्याचं यंत्र जमिनीवरून झुलवत चालायचं आणि ते किंचाळलं की गुडघ्यावर बसून उकरायचं. निघायचं काय, तर बाटल्यांची झाकणं, खिळे, एखादं झिजून गुळगुळीत झालेलं नाणं. यंत्राच्या त्या ओरडण्यावरून मी त्याचं नाव टिटवी ठेवलं होतं. 'आज टिटवीला घेऊन कुठे?' असं विचारलं की साहेब लाजायचे.

टिटवीबरोबर दुकानातून एक बॅग आली होती, काळी चकचकीत, अंगावर कंपनीचं नाव हातभर मोठ्या अक्षरांत. ती खांद्याला लावून साहेब बसमध्ये चढले की अर्धी बस विचारायची, सोनं सापडलं का हो? एकदा दोन टगे त्यांच्या मागे शेतापर्यंत गेले आणि दिवसभर बांधावर बसून राहिले. एकदा पोलिसांनी हटकलं. शेवटी साहेब म्हणाले, "मला अशी एखादी पिशवी शिवून दे, की ती कुणाच्या डोळ्यात भरणार नाही. आणि खर्च नको."

खर्च नको म्हटलं की माझं डोकं चालतं. डेपोत जुन्या बसच्या सीटची कापडं भंगारात निघायची. करडा रंग, त्यावर मळकट निळे ठिपके. गावातल्या प्रत्येकाने कधी ना कधी त्यावर बूड टेकलेलं, पण ते कापड कसं दिसतं ते विचारलं तर एकालाही सांगता येणार नाही. ते मी धुऊन घेतलं. दांड्यासाठी जुन्या पॅन्टचा एक पाय कापून आतल्या बाजूला लांब खिसा केला, यंत्राच्या चकतीसाठी गादीतला फोम घातला, पट्टा भंगारातल्या सीटबेल्टचा. वरून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस मोडकी घडीची खुर्ची दुरुस्तीला नेतोय. साहेबांनी ती पहिल्यांदा बसमध्ये सीटवर ठेवली तेव्हा एक बाई तिच्यावरच बसायला निघाली होती. हे सांगताना ते इतके खूश झाले होते की मला हसू आवरेना.

मग त्यांच्यासारख्याच चार खुळ्यांना मी तशा पिशव्या करून दिल्या. आमची लेक पाळणाघरात मुलं सांभाळते. तिने मागितल्या म्हणून तिथल्या मुलांच्या दुपारच्या चादरींसाठी त्याच कापडाच्या आठ पिशव्या शिवल्या आणि लाकडी ठोकळ्यांसाठी एक मोठी. लेक म्हणाली, "आई, निदान ठोकळ्यांच्या पिशवीवर एखादं फूल तरी काढ गं. सगळ्या सारख्याच दिसतात."

मी म्हटलं, "माझ्या पिशवीवर काही नसतं. हौस असेल तर दुकानातून आण."

खूण माझ्यापुरती असायची, आणि ती आतून. अस्तराची शेवटची टीप मी प्रत्येकाच्या रंगाच्या दोऱ्याने मारायची. लेकीच्या पिशव्यांना लाल, साहेबांच्या पिशवीला निळा. पिशवी उलटी केल्याशिवाय ते कुणाला कळायचं नाही, आणि मला त्याचाही अभिमान होता.

त्या गुरुवारी साहेबांनी आपली पिशवी टेबलावर आणून टाकली. पट्टा डाव्या बाजूला उसवला होता.

दुरुस्ती करणाऱ्या माणसासमोर फाटकं कापड ठेवणं म्हणजे त्याच्यापुढे सगळं ओकून टाकणं. गुडघ्यावर घासलेली पॅन्ट बघून मी सांगते की हा माणूस फरशा बसवतो. टिटवीचं वजन दोन किलोसुद्धा नाही. तिने माझ्या तीन पदरी टिपा उसवणं शक्यच नव्हतं. पट्टा एका जागी हळूहळू विरलेला नव्हता, तो जोरात ओढला जाऊन सुटला होता, सहा-सात किलोंच्या ओझ्याने. एक कोपरा तेवढा जुन्या टाक्यांवर तग धरून होता. मी पिशवी उलटी केली. फोम मधोमध दबला होता, लांबट, गोल, कोपरापासून मनगटापर्यंत हात ठेवावा एवढा. आणि अस्तरावर गंजाची अर्धगोल कड उमटली होती, चहाच्या कपाच्या तोंडाएवढी.

"काय घातलं होतं यात?"

"दगड."

"दगडाला गंज कधीपासून चढायला लागला?"

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. "लोखंडाचा तुकडा आहे गं एक. नांगराचा असेल."

"कुठे मिळाला?"

"असाच. त्या बाजूला."

त्या बाजूला म्हणजे कुठे, ते मला कळलं. गावाबाहेर जुनं चांदमारीचं मैदान आहे. कधीकाळी तिथे सैनिक तोफांचा नेम धरायला शिकायचे. आता तारेचं कुंपण आहे, आणि दर शंभर पावलांवर पाटी: जमिनीत काही आढळल्यास हात लावू नये. साहेबांनी तिथे जाणार नाही असं मला वचन दिलं होतं. म्हणजे मी ते त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं.

माझा पारा चढला. मी आरडाओरडा करणाऱ्यांतली नाही. मी गप्प बसते, आणि ते जास्त वाईट असतं. दुसऱ्या दिवशी मी पट्टा जागेवर ठेवला आणि पांढऱ्या दोऱ्याने नुसता टाचला. कच्ची शिलाई. लांब लांब टाके, शेवटी गाठ नाही. पक्की टीप मारण्याआधी कापड जागचं हलू नये म्हणून आम्ही असं टाचून ठेवतो. दोरा मुद्दाम वेगळ्या रंगाचा घ्यायचा, म्हणजे नंतर दिसतो, आणि एक टोक धरून ओढला की सबंधच्या सबंध हातात येतो. त्याने वजन पेलायचं नसतं. मी मनात ठरवलं होतं, पक्की टीप साहेब खरं बोलले की मारायची. तोवर पिशवी खिळ्यावर लटकू दे.

शनिवारी सकाळी खिळा रिकामा होता. साहेबांना वाटलं असणार, काम झालं. तीस वर्षं माझ्या मशीनच्या खडखडाटात झोपलेल्या माणसाला कच्चा टाका आणि पक्की टीप यांतला फरक कळू नये, याचा मला आणखीनच राग आला. जेवताना सांगावं असं एकदा वाटलं. पण ते नांगराबद्दल चकार शब्द काढत नव्हते, मग मीही पट्ट्याबद्दल काढला नाही. हा माझा हट्ट होता, दुसरं काही नाही. आज मी त्याला दुसरं नाव देणार नाही.

रविवारी लेकीने पाळणाघरातले ठोकळे घरी आणून साबणाने धुतले, गच्चीवर वाळवले आणि संध्याकाळी पिशवीत भरून दाराजवळच्या चपलांच्या फळीशेजारी ठेवले.

सोमवारी सकाळी लेकीची नेहमीची धांदल. एका हाताने केस बांधत, दुसऱ्या हाताने पोळीचा घास तोंडात कोंबत ती दारापर्यंत गेली, फळीशेजारची करडी पिशवी दोन्ही हातांनी उचलून सायकलच्या टोपलीत आदळली आणि निघाली. तो आदळण्याचा आवाज मी ऐकला. जड होता, पण ठोकळेही जडच असतात. साहेब न्हाणीघरात दाढी करत होते.

अर्ध्या तासाने साहेब डेपोचे कपडे घालून बाहेर आले. दारापाशी गेले, वाकले, पिशवी उचलली. आतून लाकडाचा खडखड आवाज आला.

मी टेबलापाशी खडूने रेघ मारत होते. आवाजानंतर पुढचं पाऊल वाजलं नाही म्हणून मी मान वर केली. साहेब पिशवी हातात धरून तसेच उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. इंजिन चालू असताना हात आत गेलेल्या माणसाचा चेहरा असा होतो, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं.

"लेक गेली?"

"केव्हाच. का?"

"इथे दोन पिशव्या होत्या." ते हळूच म्हणाले. "माझी मी पहाटे माळ्यावरून काढून इथे ठेवली होती. डेपोत नेणार होतो. तारेच्या ब्रशने घासून बघणार होतो."

"मग तुमची कुठे आहे? इथे तर एकच..." आणि बोलता बोलताच मी हातातला खडू टाकून तिकडे गेले. फळीच्या पलीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात, ती दुसरी पिशवी असायला हवी होती, आणि तिथे काहीच नव्हतं. "काय आहे त्यात? खरं सांगा. नांगर आहे?"

"नाही."

"काय आहे?"

"तोफेचा गोळा आहे गं. जुना. रिकामा असेल तो." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "बहुतेक."

आणि ते गेले. बुटाच्या नाड्या सुटलेल्या, दार सताड उघडं. मी त्यांना इतक्या वेगाने चालताना लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

मी आधी पिशवी उलटी केली. हे मूर्खासारखं होतं, आवाज तर मी ऐकलाच होता, पण माझे डोळे लाल दोरा शोधत होते. तो होता. ठोकळे फरशीवर पसरले. पहाटेपासून एकाच भिंतीला टेकलेल्या दोन पिशव्या, एका कापडाच्या, एका मापाच्या, एका वजनाच्या, आणि त्यांतली कुठली कुणाची हे सांगणारा दोरा मी आत लपवून ठेवला होता. एखादं फूल काढलं असतं तर!

लेकीला फोन लावला. बंद. कामावर असताना फोन कपाटात ठेवायचा असा पाळणाघराचा नियम आहे, आणि चांगला नियम आहे. ऑफिसचा फोन वाजत राहिला. मग मी पोलिसांचा नंबर लावला. पलीकडची मुलगी शांत होती. वस्तू कशी आहे? गंजलेली, लांबट, कपाच्या तोंडाएवढी जाड. कशात आहे? पिशवीत. पिशवी कशी आहे? करडी. मी पत्ता दोनदा सांगितला. ती म्हणाली, वस्तूला हात लावू नका, हलवू नका, सगळ्यांना बाहेर काढा. मी साहेबांचा फोन लावला तर तो न्हाणीघरातल्या आरशाखाली वाजला.

पाळणाघर माझ्या पायांनी बारा मिनिटं. टोपलीतून ती वस्तू याच रस्त्याने गेली होती. सायकल कुठे कुठे आदळली असेल ते मी चालता चालता मोजत होते. गटाराचं झाकण. उखडलेल्या फरशा. वळणावरची ती उतरण, जिथे लेक लहान असताना मुद्दाम ब्रेक सोडायची. कुठे माणसं जमलेली नव्हती, म्हणजे इथवर ती पोचली होती. पुढच्या कोपऱ्यापर्यंत मी पुन्हा तोच हिशेब करायची.

पाळणाघरात गाणं चालू होतं. लेक फरशीवर मांडी घालून बसली होती आणि भोवती चौदा मुलं टाळ्या वाजवत होती. मला दारात बघून ती हसली. "आई? डबा विसरले का मी?"

"ठोकळ्यांची पिशवी कुठे आहे?" मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"त्या कोपऱ्यात. अजून उघडली नाही. का?"

कोपऱ्यात मी शिवलेल्या चादरींच्या पिशव्या होत्या. काही खुंट्यांवर, काही खाली ढिगाने. सगळ्या करड्या. त्यांच्यात मी माझी एक पिशवी डोळ्यांनी शोधत होते आणि मलाच ती सापडत नव्हती. जवळ जाऊन हात लावायची माझी छाती झाली नाही.

मी लेकीच्या कानात चार शब्द सांगितले. तिचा रंग उडाला, पण आवाज उडाला नाही. या बाबतीत ती माझी नाही, बापाची आहे. "चला," ती मुलांना म्हणाली, "आज गाणं बागेत म्हणायचं. दोरी धरा बघू." मुलांना रस्त्याने नेताना धरायला एक लांब दोरी आहे, प्रत्येकासाठी एक कापडी कडी. त्या कड्याही मीच शिवल्या आहेत. चौदा मुठी चौदा कड्यांत गेल्या. एका पोराला आपला बूट सापडेना. मी त्याला काखेत मारलं आणि तसंच बाहेर नेलं. रस्ता ओलांडून, बाग ओलांडून, पाण्याच्या टाकीच्या जाड भिंतीमागे लेकीने मुलांना बसवलं, तीनदा मोजलं आणि मग ती स्वतः खाली बसली. पाळणाघराची स्वयंपाकीण हातात पळी घेऊन तशीच बाहेर आली होती.

"बाबा कुठे आहेत?" लेकीने विचारलं.

मला वाटलं होतं, साहेब माझ्याआधी पोचलेले असतील, दारात उभे असतील, शिव्या खायला तयार. ते कुठेच नव्हते. "येतील," मी म्हटलं.

पोलीस आले, रस्ता दोन्हीकडून अडवला गेला, मग बॉम्बशोधक पथकाची गाडी आली. जाडजूड पोशाखातला एक माणूस सावकाश आत गेला. आम्ही टाकीच्या मागे. मुलं गाणं म्हणत होती, लेक हातवारे करत होती आणि मी त्या बंद दाराकडे बघत होते. वेळ किती गेला सांगता येणार नाही. तो माणूस बाहेर आला, शिरस्त्राण काढलं आणि फौजदारांशी काहीतरी बोलला. फौजदार माझ्याकडे आले.

"बाई, आत करड्या पिशव्या आहेत आठ. आठांतही चादरी आहेत. तुमची वस्तू तिथे नाही."

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. ते किती क्षण टिकलं असेल? स्वयंपाकीण पळी खाली करत म्हणाली, "मागच्या दाराने एक जण आला होता मघाशी."

"कोण?"

"कोण ते काही बघितलं नाही बाई मी. दूध उतू जात होतं. नळवाला असेल असं वाटलं. डेपोवाल्यांसारखे कपडे होते. हातात पिशवी होती."

"पिशवी येताना होती की जाताना?" फौजदारांनी विचारलं.

तिने खूप आठवून बघितलं. "आता ते काही लक्षात नाही राहिलं."

लेक बसल्या जागी तोंडावर हात घेऊन माझ्याकडे बघत होती. गाणं चालू असताना, तिच्या पाठीमागून दहा पावलांवर, तिचा बाप आत आला होता आणि आपली पिशवी उचलून निघून गेला होता, आणि तिला चाहूलही लागली नव्हती. ते तिला हाक मारू शकले असते. त्यांनी मारली नाही. आरडाओरडा झाला असता, लेकीची नोकरी गेली असती, पोलीस, चौकशी, चांदमारीच्या कुंपणातून साहेब आत शिरले असतील ते भोक. नवऱ्याचं डोकं कसं चालतं ते मला ठाऊक आहे. काही बिघडलं की गाजावाजा न करता जिथलं तिथे नेऊन ठेवायचं. आणि मुलांपासून ते लांब न्यायचं, हेही त्यांच्या मनात असणारच. त्यांचा मला इतका राग आणि इतकी माया एकदम कधीच आली नव्हती.

"ते मैदानाकडे गेलेत," मी म्हटलं. "चालत. जिथून आणलं तिथे परत ठेवायला."

फौजदारांनी वही काढली. "दिसायला कसे आहेत?"

"साधे."

"उंची?"

"बेताची."

"पिशवी?"

"करडी. बसच्या सीटसारखी."

"तिच्यावर काही खूण? नाव, चित्र, काहीतरी?" ते थोडे वैतागले. "बाई, या वेळेला रस्त्यावर शंभर माणसं असतात. काहीतरी सांगा."

चार वर्षं मी जे मिरवलं ते माझ्या पुढ्यात येऊन उभं राहिलं होतं. आणि तेव्हा मला तो पट्टा आठवला. पाळणाघरापर्यंत पिशवी सायकलच्या टोपलीत होती, पट्ट्यावर भार आलाच नव्हता. आता मैदान तासाभराच्या अंतरावर, आणि चालणारा माणूस पिशवी खांद्याला लावतो.

"पट्ट्याच्या डाव्या बाजूला पांढरा दोरा आहे," मी म्हटलं. "लांब लांब टाके. लांबूनही दिसतील. कृपा करून लवकर चला. ती कच्ची शिलाई आहे."

त्यांना त्याचा अर्थ कळला नाही. मी गाडीत समजावून सांगितलं. सांगून होईपर्यंत त्यांनी ड्रायव्हरला वेग वाढवायला सांगितलं होतं.

मैदानाच्या रस्त्यावर आम्ही थांबत थांबत विचारत गेलो. सायकल दुरुस्त करणाऱ्याने मान हलवली. औषधांच्या दुकानातल्या पोरीने कोणालाच पाहिलं नव्हतं. रस्ता झाडणाऱ्या दोघांच्या अगदी पुढून ते गेले असणार, दुसरी वाटच नव्हती, पण करड्या पिशवीवाला माणूस त्यांना काही आठवेना. प्रत्येक 'नाही'नंतर आम्ही पुन्हा गाडीत चढत होतो. इतकं चांगलं काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल.

शेवटच्या बस थांब्याजवळ वर्तमानपत्रांचा एक ठेला आहे. तिथल्या बाई चष्मा कपाळावर चढवून कोडं सोडवत बसल्या होत्या. फौजदारांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, माणूस, डेपोचे कपडे, करडी पिशवी. त्यांनी मान हलवली. मग मी पुढे झाले आणि पांढऱ्या दोऱ्याचं सांगितलं.

"हो हो," त्या लगेच म्हणाल्या. "ते होय! पाहिलं ना. बस आली होती, रिकामी होती, पण ते चढले नाहीत. मी म्हटलं, काका, बसा की, एवढं ओझं घेऊन कुठे चालत जाताय? तर म्हणाले, नको, बसमध्ये माणसं असतात. गमतीशीरच बोलणं."

"किती वेळ झाला?"

"झाला असेल अर्धा तास. तेवढ्यात मला तो दोरा दिसला. आमच्यासारख्यांना असलं काही लोंबताना बघवत नाही हो." त्या माझ्याकडे बघून हसल्या, मी त्यांच्यासारखीच दिसत असणार. "मी म्हटलं, काका, तुमच्या पट्ट्याचा दोरा निघालाय बघा, बरं दिसत नाही. तर बिचारे थँक्यू म्हणाले. टोक धरून ओढून टाकला आणि गेले."

फौजदार वायरलेसवर भराभर बोलायला लागले. मी खाली बघितलं. ठेल्याच्या पायापाशी तो पडला होता. मी उचलला. हातभर लांब, कुठेही न तुटलेला, आणि माझ्या टाक्यांच्या चुण्या त्यात अजून तशाच होत्या. म्हणजे पट्टा आता जुन्या टाक्यांच्या त्या एका कोपऱ्यावरच होता. इथून मैदानाचं कुंपण पायी अर्ध्या तासावर आहे. त्या बाजूने अजून काही ऐकू आलं नव्हतं. मी दोरा मुठीत धरून तिकडे कान लावून उभी राहिले.